पाच किलोची सहा मिनिटं

हॉलमध्ये जुनी चादर अंथरलीये आणि तिच्यावर माझा सगळा संसार मांडून ठेवलाय. सायकलवर दोन आठवडे जायचंय, निघायला अजून आठ दिवस आहेत, आणि माझा नेहमीचा खेळ सुरू झालाय, म्हणजे एक वस्तू ढिगातून काढायची, बाजूला ठेवायची, चहा करून यायचा आणि येता येता ती हळूच परत ढिगात ठेवायची. लेक जाता-येता एखादी वस्तू उचलते आणि विचारते, "आई, हे तू खरंच वापरतेस?" काल तिने कपडे वाळत घालायची दोरी उचलली. म्हटलं, हो, रोज. मग तिने एक छोटी काळी डबी उचलली आणि मला स्वतःलाच आठवेना की ह्यात काय आहे. उघडून बघितलं तर दुसऱ्या एका डबीचं झाकण.

हे असं होतं कारण सामान आपण ठरवत नाही, ते साठत जातं. माझी पहिली मोठी टूर आठवली की अजून हसू येतं. चार पॅनिअर, म्हणजे चाकांच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या, घेतले होते, मागचे दोन मिळून चाळीस लिटरचे, पुढचे दोन मिळून पंचवीस लिटरचे, वर हँडलला एक बॅग. पासष्ट लिटर जागा आहे म्हटल्यावर ती भरायची नाही तर काय करायचं? अर्धी रिकामी पिशवी बघितली की मला उगाचच काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. मग तीन पँटी झाल्या, पाच टीशर्ट झाले, दोन पुस्तकं, एक पूर्ण आकाराचा टॉवेल, फर्स्ट एडची एवढी मोठी पेटी की तिच्यात छोटंसं ऑपरेशन उरकलं असतं. सगळं मिळून चोवीस किलो, पाणी सोडून. घराबाहेर पहिल्यांदा सायकल स्टँडवरून काढली तेव्हा ती एखाद्या हट्टी म्हशीसारखी एका बाजूला कलली ती कललीच, आणि मी तिच्याखाली.

चोवीस किलो हा आकडा वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. वर्षभर फिरणारे लोक ह्याहून जास्त घेऊन जातात आणि सुखात असतात. गोंधळ झाला तो वेगळाच. माझी सायकल टूरिंगची नव्हती, साधी होती, मागचं चाक पॅडलच्या बरंच जवळ. टूरिंगच्या सायकलींना मागची दांडी मुद्दाम लांब ठेवतात त्याचं कारण मला पहिल्या तासाभरात कळलं, दर फेरीला टाच पॅनिअरला थडकत होती. मग मी शहाणपणा करून पॅनिअर कॅरिअरवर मागे सरकवले. टाच सुटली, पण सगळं वजन मागच्या अॅक्सलच्याही मागे गेलं, आणि पहिल्याच लांब उतारावर वेग वाढला तसं हँडल आपोआप थरथरायला लागलं. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना सांगायला नको. पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे झटके मारतंय आणि तुम्ही ब्रेक किती दाबावा ह्याचा हिशोब करताय. गुडघे फ्रेमच्या वरच्या आडव्या दांडीला घट्ट दाबून धरले, त्याने जरा शांत झालं. त्या दिवशी रात्री जड वस्तू सगळ्या खाली आणि पुढच्या पॅनिअरमध्ये हलवल्या, मागे मोठ्या पण हलक्या ठेवल्या, कॅरिअरच्या वर फक्त तंबू. दुसऱ्या दिवशी तीच सायकल, तेच चोवीस किलो, पण रेल्वेसारखी सरळ. तेव्हापासून कुणी विचारलं किती सामान नेऊ, तर मी आधी विचारते कुठे ठेवणार आहेस.

चौथ्या दिवशी मात्र मी पार्सल केलं. वाटेतल्या गावात एक खोका मिळवला आणि त्यात नको ते सगळं कोंबलं, पुस्तकं, जाड पँट, टॉवेल, फर्स्ट एडची अर्धी पेटी, असं करत सव्वाचार किलो घरी पाठवून दिलं. काय हलकं वाटलं म्हणून सांगू. दिवसभर गाणी म्हणत चालवली सायकल. संध्याकाळी तंबू उघडला तर त्याच्या खिळ्यांची छोटी पिशवी नाही. ती पँटच्या घडीत होती आणि पँट पार्सलात. आणि माझा तंबू आपल्या काठ्यांवर स्वतः उभा राहणारा नव्हता, वजन वाचवायला मी मुद्दाम तो प्रकार घेतला होता ज्याला खिळे ठोकून ताणल्याशिवाय आकारच येत नाही. पुढचे नऊ दिवस मी तंबू दगडांना, झाडांना, कुंपणाला आणि दोनदा स्वतःच्या सायकलला बांधला. रात्री वारा सुटला की सायकल तंबूवर पडेल ह्या विचाराने झोप नाही. सव्वाचार किलोतले ते शंभर-सव्वाशे ग्रॅम.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले, बहुतेक सगळेच जातात. किचनमधला वजनकाटा आणला, एक्सेल शीट केली, प्रत्येक वस्तूसमोर ग्रॅम. टूथब्रशचा दांडा कापला (त्याने चार ग्रॅम वाचले आणि दोन आठवडे दात घासताना बोटं तोंडात गेली). कपड्यांवरची लेबलं कापली. त्या शीटमध्ये एक मजा असते, आकडा खाली खाली जाताना बघायला बरं वाटतं आणि आपण काहीतरी कमावतोय असं वाटत राहतं, प्रत्यक्षात पॅडल एकदाही मारलेलं नसतं.

एकदा मात्र एक खरा हिशोब करून बघितला, आणि तो मी खूप आधी करायला हवा होता. समजा मी साठ किलो, सायकल पंधरा किलो, सामान पंचवीस किलो. एकूण शंभर. एक हजार मीटर उंची चढायची आहे आणि मी आरामात, दमून न जाता, ती दोन तासांत चढते. आता सामानातले पाच किलो काढले. पंचवीसचे वीस झाले, म्हणजे सामान वीस टक्क्यांनी कमी झालं की, केवढी मोठी गोष्ट! पण चढावर वर ओढायचं असतं ते फक्त सामान नाही, मी धरून सगळंच. शंभरचे पंचाण्णव झाले, पाच टक्के. दोन तासांचे पाच टक्के म्हणजे सहा मिनिटं. एवढी छाटाछाट, दांडा कापलेला ब्रश, उशीऐवजी कपड्यांचं गाठोडं, आणि हजार मीटरच्या घाटात सहा मिनिटं मिळाली, जी मी नाहीतरी वर पोचल्यावर फोटो काढण्यात घालवणार.

सपाट रस्त्यावर तर ह्याहून गंमत. बऱ्या टायरचा रस्त्याशी होणारा विरोध वजनाच्या साधारण अर्धा टक्का असतो, म्हणजे पाच किलोमागे पंचवीस ग्रॅम वजनाइतकी ओढ. ती कळतसुद्धा नाही. तिथे खरा शत्रू वारा. पॅनिअर दोन्ही बाजूंना फुगले की वाऱ्याला आदळायला जास्त अंग मिळतं, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे समोरून वारा असेल त्या दिवशी तुमची पिशवी किती जड आहे ह्यापेक्षा किती ढब्बू आहे हे जास्त भोवतं. पिसांचं जाडजूड जॅकेट वजनकाट्यावर काहीच नाही आणि पॅनिअरमध्ये मात्र अर्धी जागा खाऊन बसतं. माझ्या एक्सेलमध्ये लिटरचा रकानाच नव्हता.

आणि घाटात दमछाक होते तिचा उपाय बऱ्याचदा सामानात नसतोच, गिअरमध्ये असतो. माझ्याकडे पुढे सगळ्यात लहान चकती तीस दात्यांची होती, मागे सगळ्यात मोठी अठ्ठावीस. मागे सगळ्यात मोठी चकती चौतीसची असलेली कॅसेट (म्हणजे मागच्या चकत्यांचा जुडगा) टाकली आणि पॅडल जवळजवळ अठरा टक्क्यांनी हलकं झालं. वेग कमी होतो, हो, पण गुडघे वाचतात आणि उतरून ढकलावं लागत नाही. पाच किलो छाटून पाच टक्के, आणि एक कॅसेट बदलून अठरा. चौतीसची मोठी कॅसेट बसवायला मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ती झेलणारा हवा एवढं आधी तपासायचं, मी तपासलं नव्हतं, ती वेगळी कथा.

तरीपण हलकं असण्याचं आकर्षण काही आजचं नाही. टॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून सायकलने जगाच्या फेरीला निघाला तेव्हा त्याच्या बुडाखाली ती पुढे प्रचंड चाक असलेली उंच सायकल होती, जिच्यावर सामान ठेवायला जागाच नाही. हँडलवरच्या पिशवीत मोजे, एक जादा शर्ट, एक रेनकोट, जो अंथरूण आणि तंबू म्हणूनही वापरायचा, आणि एक रिव्हॉल्वर. एवढ्यावर तो १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला. रेनकोटचाच तंबू हे वाचून मी काही दिवस भारावले होते. पण मला जास्त जवळची वाटते ती अॅनी लंडनडेरी. तीही जगाच्या फेरीलाच, १८९४ मध्ये बॉस्टनहून निघाली, लांब स्कर्ट घालून, जवळजवळ एकोणीस किलोच्या सायकलवर. शिकागोला पोचेपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि ती सोडून द्यायच्या बेतात होती. मग तिथे तिने सायकल बदलली, पुरुषांची, साधारण साडेनऊ किलोची घेतली, आणि स्कर्टच्या जागी ब्लूमर्स, म्हणजे सैल घोळदार विजार. पुढे तिने पुष्कळ अंतर बोटीने कापलं म्हणून लोक नाकं मुरडतात, मुरडोत. मला त्यात दिसतं ते एवढंच की तिने पिशवीतल्या चिल्लर गोष्टी नाही छाटल्या, जी गोष्ट खरोखर नडत होती तीच बदलली, आणि ती तिच्या अंगावर होती.

तर मी हलकी टूर केली. सात किलो. सीटमागे एक लांब पिशवी, फ्रेमच्या त्रिकोणात एक, हँडलला एक गुंडाळी, कॅरिअरच नाही. ह्या पद्धतीचं मूळ बरंचसं लांब पल्ल्याच्या रेसिंगमध्ये आहे, ती टूर डिव्हाइड नावाची रेस आहे ना, २००८ पासूनची, कॅनडातल्या बॅन्फपासून थेट अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेपर्यंत डोंगरातून चार हजारांवर किलोमीटर, बाहेरची मदत घ्यायची नाही, तिथले लोक असं जातात. त्यांचे फोटो बघून मी सामान ठरवलं. एक गोष्ट लक्षात घेतली नाही की ते लोक रात्री चार तास झोपतात, कधी तेवढंही नाही, आणि बाकी वेळ पॅडल मारून गरम राहतात. मी संध्याकाळी पाचला थांबते. पाच ते नऊ मला बसायचं असतं, बघायचं असतं, वहीत काहीबाही लिहायचं असतं. त्या चार तासांसाठी माझ्याकडे एकही कपडा नव्हता जो कोरडा आणि उबदार आहे. तिसऱ्या रात्री पाऊस, स्लीपिंग बॅग पिसांची, पायाकडून ओली झाली, आणि ओली पिसं म्हणजे नुसता लगदा, ती फुगत नाहीत म्हणजे ऊब धरत नाहीत. सगळे कपडे घालून, वर रेनकोट चढवून, पाय रिकाम्या पिशवीत घालून बसले रात्रभर. सकाळी सायकल मस्त पळाली पण. ते नाकारत नाही, कॅरिअर नसलेली सायकल खडबडीत रस्त्यावर अशी काही नाचते की वाटतं हेच खरं.

ह्या दोन टूर्सनंतर मला जे कळलं ते ग्रॅममध्ये मांडताच येत नाही. चोवीस किलोच्या टूरमध्ये मला थकवलं ते वजनाने नाही, संख्येने. घरी आल्यावर मी मोजल्या, पार्सल धरून एकशे तेरा वस्तू होत्या. रोज संध्याकाळी त्यातल्या निम्म्या बाहेर, रोज सकाळी परत आत, आणि मधल्या मधे दिवसातून चार-सहा वेळा कसलातरी शोध. सनस्क्रीन कुठे गेलं, कालच तर इथे होतं. ट्रकच्या ताडपत्रीसारख्या कापडाचे ते गुंडाळून बंद करायचे पॅनिअर असतात ना, पावसात एक थेंब आत येऊ देत नाहीत, (ते बनवणाऱ्या हार्टमुट ऑर्टलीबला ती कल्पना १९८१ मध्ये इंग्लंडात भर पावसात सायकल चालवताना शेजारून जाणाऱ्या ट्रकांच्या ताडपत्र्या बघून सुचली असं सांगतात, आणि पटतं, असल्या कल्पना घरी सोफ्यावर सुचत नाहीत) पण ते म्हणजे आतून विहीर. वरून हात घालायचा आणि जे लागेल ते ओढायचं. सकाळी उठल्यापासून चाक फिरेपर्यंत मला दीड तास लागायचा. आता पन्नासेक वस्तू असतात आणि पस्तीस-चाळीस मिनिटांत निघते. पाच किलोने घाटात सहा मिनिटं दिली, साठ वस्तूंनी रोज सकाळी जवळजवळ तास दिला.

म्हणून आता वजनकाटा कपाटात असतो आणि मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते: तू नसशील तर माझं किती वेळ चालेल?

पंप नसेल तर? शून्य मिनिटं. पंक्चर झालं की तिथेच बसायचं. पंप, दोन ट्यूब, पॅचेस, टायर लिव्हर, अॅलन कीचा जुडगा, चेन तोडायचं टूल आणि चेनची जोडकडी, ह्यांच्याशी वाद घालायचा नाही. जोडकडी आपल्या चेनच्या स्पीडचीच, म्हणजे मागे जितक्या चकत्या तितक्यांसाठीची, हवी, दहाची अकराला चालवायला गेलं की त्रास. जादा टायर? इथे उत्तर बदलतं. टायर फाटला तर आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा जाड प्लास्टिक लावून दिवस-दोन दिवस हळूहळू जाता येतं, म्हणजे पुढे दोन दिवसांत दुकान असेल तर टायर नको, नसेल तर हवा. स्पोकचंही तसंच, पण त्यात एक खोच आहे. मागच्या चाकाचा कॅसेटच्या बाजूचा स्पोक तुटला तर नवा घालायला आधी कॅसेट काढावी लागते आणि त्याला वेगळी हत्यारं, जड. नुसते जादा स्पोक घेऊन काय उपयोग? माझा तसाच तुटला होता, हातात तीन नवे कोरे स्पोक आणि चाक उघडत नाही. आता मी केव्हलार नावाच्या चिवट धाग्याच्या दोरीचा तात्पुरता स्पोक ठेवते, कॅसेट न काढता ओवता येतो, काही ग्रॅमचा, आणि स्पोक ताणायची स्पोक की. कॅरिअरचे पाच एमएमचे चार-पाच जादा बोल्टही ठेवते, ते हादऱ्यांनी सैल होतात आणि एक पडला की दुसऱ्यावर सगळा भार. मूठभर झिप टाय. इन्सुलेशन टेपचं भेंडोळं नेत नाही, पंपाभोवतीच चार हात गुंडाळून ठेवते.

तिसरा टीशर्ट नसेल तर? महिनाभर चालेल. मग तो कशाला. एक अंगावर, एक वाळत, आणि एक जोडी फक्त झोपायची, जी कधीच, काहीही झालं तरी, सायकलवर घालायची नाही. ही शेवटची जोडी त्या ओल्या रात्रीची कमाई आहे. ती वेगळ्या घट्ट बंद पिशवीत असते आणि कितीही मोह झाला तरी पावसात ती काढत नाही.

पाण्याचं मात्र कुणी शीटमध्ये लिहितच नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि गरमीत, लांब निर्जन पट्ट्यात, पाच-सहा लिटर घ्यावं लागतं. ज्या माणसाने तंबूचे दोनशे ग्रॅम वाचवायला रात्री जागवल्या तोच सकाळी दोन लिटर उगाच जास्त भरून निघतो, कारण नळ दिसला. पुढचं पाणी कुठे आहे हे माहीत असणं ह्याहून मोठी वजनबचत मला अजून सापडलेली नाही.

दोघं जात असलं की आणखी हिशोब. तंबू एकाकडे, चूल-भांडी दुसऱ्याकडे, वजन वाटलं जातं, छान. मी आणि माझी मैत्रीण असंच गेलो होतो, पंप एकच, तिच्याकडे. ती चढावर माझ्यापेक्षा चांगली आहे. म्हणजे माझं पंक्चर झालं तेव्हा पंप पाच किलोमीटर पुढे, आनंदात, वाऱ्याच्या वेगाने लांब जात होता. ती वरच्या वळणावर तासभर माझी वाट बघत बसली आणि मी खाली तिची. फोनला रेंज दोघींच्याही नाही. आता पंप दोन.

तो प्रश्न सगळीकडे लागू पडतो असं नाही. माझी छोटी घडीची खुर्ची घ्या. नऊशे ग्रॅम. ती नसेल तर माझं आयुष्यभर चालेल, जमिनीवर बसता येतं, दगडावर बसता येतं, पाठ दुखली तर आडवं होता येतं. प्रश्नाच्या हिशोबाने ती कधीच बाद व्हायला हवी. मैत्रीण तर स्पष्टच म्हणाली, "अगं, खुर्ची काय घेऊन जातेस, पिकनिक आहे का?" पण पाच ते नऊचं काय करायचं? मागच्या टूरमध्ये ती घरी ठेवली होती आणि रोज संध्याकाळी एकदा तरी तिची आठवण आली, अगदी दिवसभर सायकलच्या सीटवर बसून आल्यावरही, किंवा त्यामुळेच. हिशोब केला तर हजार मीटरच्या चढावर तिची किंमत एक मिनिट पाच सेकंद होते.

चादरीवरचा ढीग आता बऱ्यापैकी ठरलाय, एकावन्न वस्तू. तंबूचे खिळे सगळ्यात वर, दिसतील असे ठेवलेत. ती काळी डबी आणि तिच्यातलं झाकण दोन्ही लेकीने नेलं. खुर्ची ढिगात नाहीये, पण कपाटातही नाहीये. मगाशी लेकीने विचारलं, हिचं काय ठरलं? म्हटलं, बघते अजून. तिच्यावरच बसून हे लिहितेय.